गोठ्याचा उतार

आमच्या वाडीत त्या गाडीला गाडी कुणी म्हणत नाही, घोडं म्हणतात. चार जाडजूड टायर, मोटारसायकलसारखं हँडल आणि मध्ये उघडं इंजिन. पाचगणीकडे पर्यटकांना पठारावर फिरवणाऱ्या एका माणसानं ते वापरून वापरून खिळखिळं केलं आणि मग आबांच्या गळ्यात मारलं. आबा म्हणजे माझे वडील. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे मोडकं यंत्र दिसलं की त्यांच्या हाताला चैन पडत नाही. घोडं दारात आलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. "हातपाय मोडून घ्यायचे असतील तर बसा ह्याच्यावर," असं म्हणाली होती. पुढे तिलाच त्याच्यावर बसायची पाळी आली.

आमची वाडी उंब्रजच्या वर, पवनचक्क्यांच्या पठाराच्या कडेला आहे. डांबरी रस्ता खाली ओढ्यापाशी संपतो. तिथून वर जांभ्याचे दगड आणि तांबडा चिखल. उन्हाळ्यात जीप कशीबशी चढते, पावसाळ्यात फक्त घोडं. आईच्या किडन्या निकामी झाल्यापासून तिला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मलकापूरला डायलिसिसला न्यावं लागतं. उंब्रजच्या वेल्डिंगवाल्याकडून आबांनी घोड्याच्या मागच्या बाजूला हातांची एक लोखंडी खुर्ची बसवून घेतली, तिला गादी लावली आणि पुढे आडवा पट्टा केला. तो पट्टा मी शिवलाय. सांगलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. पावसाळ्यात आईकडे जास्त माणसं लागतात म्हणून मी दुकान मदतीच्या बाईवर सोपवून वर येऊन राहिले होते.

घरात तेव्हा आम्ही पाचजण होतो. आई, आबा, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि मी.

त्या शुक्रवारी ओढ्याला पाणी आलं आणि आईचं डायलिसिस चुकलं. शनिवारी तिची पावलं सुजली. रविवारी चेहरा असा भरला की डोळे बारीक दिसायला लागले. ती आडवी होईना. आडवी झाली की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला उश्या लावून बसून राहायची. तिचं पाणी मापात होतं. दिवसाची एक बाटली ठरलेली, तेवढ्यातच चहा, ताक, गोळ्या घ्यायचं पाणी, सगळं. तहान मारायला ती तोंडात लवंग धरायची. रविवारी दुपारी मी तिच्याजवळ एकटीच होते, तेव्हा तिनं माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. माझ्यानं राहवलं नाही. घोटभर दिलं आणि तोंड पुसून टाकलं.

सोमवारी सकाळी मलकापूरच्या सिस्टरांना फोन लावला. भावजयीनं फोन मोठ्या आवाजात ठेवला होता, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं. "उद्या काहीही करून आणा. आता चुकवू नका. पाणी छातीत चढलं तर मग आमच्याही हातात राहत नाही." आई म्हणाली, "एवढं काय..." आणि पुढचा शब्द यायच्या आत तिला दम लागला.

ओढा उतरला होता. उद्या घोडं जाईल, यात कुणाला शंका नव्हती.

दुपारी भावानं घोडं चालू करून बघितलं. मागून निळा धूर निघाला आणि तो काही थांबेना. खाली वाकून बघितलं तर इंजिनाच्या डाव्या झाकणाखालून तेलाची धार लागलेली. थेंब तर पावसाळा लागल्यापासून पडतच होते. गोठ्यात जिथं घोडं उभं असायचं तिथं काळा डाग पडला होता. पण आमच्या घरात गाडी हलण्याआधी तेल बघायचं हा फौजी नियम. इंजिनात एक काडी असते, ती काढायची, पुसायची, परत घालून बाहेर काढायची आणि खुणेपर्यंत तेल आहे का बघायचं. कमी दिसलं की घालायचं. आबांनी हे आम्हा प्रत्येकाला हातात काडी देऊन शिकवलं होतं, आणि आम्ही सगळे ते इमानानं करत होतो. त्यामुळे थेंबांची भीती कुणाला वाटली नव्हती. ही मात्र धार होती.

"गास्केट गेलं," आबा म्हणाले.

"उंब्रजच्या मिस्त्रीला इचारू का?" भावानं विचारलं.

"तो म्हणंल खाली घिऊन या. खाली न्यायला येत असतं तर त्याला कशाला इचारलं असतं?"

हे खरं होतं. तरी मला आबांचा तो ठाम सूर आवडला नाही. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं राहिलेलं, बोटं संधिवातानं वाकडी. आणि हा माणूस आईच्या उद्याच्या फेरीचं इंजिन उघडायला निघाला होता. मी म्हटलं, "आबा, उघडलं आणि परत बसलं न्हाई तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "पान्यांची पेटी आण."

मी आणली. आणताना मुद्दाम आपटली.

आधी त्यांनी इंजिनातलं सगळं तेल घमेल्यात उतरवलं. वाऱ्याबरोबर पाऊस आत येत होता म्हणून भावानं घमेलं लगेच उचलून मागे नेलं आणि डब्यात ओतलं. किती निघालं ते कुणी बघितलं नाही. मग आबांनी एका पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि झाकणाचा एकेक बोल्ट सोडवून त्या त्या जागी पुठ्ठ्यात खोचत गेले. कुठला लांब, कुठला आखूड, ते नंतर शोधावं लागू नये म्हणून. एक बोल्ट हलेना. आबांनी पान्यावर सगळं वजन टाकलं, मानेच्या शिरा फुगल्या. बोल्टचं डोकं तुटलं असतं तर तिथंच सगळं संपत होतं. आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला तसे आबा थांबले. बोल्टच्या बुडाशी रॉकेल सोडलं आणि उकिडवे बसून राहिले.

"आता काय करताय?" मी विचारलं.

"वाट बघतोय."

"कशाची?"

"त्येच्या मनात येऊस्तोर."

मला तिडीक गेली डोक्यात. पण थोड्या वेळानं बोल्टच्या मनात आलं खरं. बारीक करकर वाजली आणि तो फिरला. भावानं श्वास सोडला तो मला लांबून ऐकू आला.

झाकण निघालं. जुनं गास्केट, म्हणजे झाकण आणि इंजिन यांच्यामधला कागद, वाळलेल्या पापडासारखा तुकडे तुकडे होऊन निघाला. आता मागे फिरायची सोय नव्हती. आबांनी फौजेतल्या ट्रंकेतून गास्केटच्या कागदाची गुंडाळी काढली. कागद झाकणावर ठेवला आणि लहान हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके देत गेले. जिथं धातूची कड असते तिथं कागद आपोआप कापला जातो. कापड असतं तर मी डोळे झाकून कातरलं असतं, पण हे काम वेगळं होतं. एक ठोका जास्त बसला तर कागद फाटणार, आणि दुसऱ्या गास्केटला पुरेल एवढा कागद उरला नव्हता. आबांना कड नीट दिसत नव्हती. ते डाव्या हाताच्या बोटानं चाचपायचे, मग ठोकायचे. मी बॅटरी धरून उभी होते.

"उजेड हलतोय," आबा म्हणाले.

"मीच हलतीय, आबा."

"मग तू हलू नको."

संध्याकाळ व्हायच्या आत झाकण बसलं. बोल्ट पुठ्ठ्यातून आपापल्या जागी गेले. आबांनी नवं तेल घातलं, काडी बघितली, कमी दिसली, आणखी घातलं, परत बघितली, आणखी थोडं घातलं. मग खुणेला लागलं. ते राखेनं हात धुवायला मागच्या दारी गेले. जायच्या आधी, तेल सगळीकडे पोचावं म्हणून, त्यांनी घोडं मिनिटभर चालवून बंद केलं होतं. भावानं काडी काढली तर तेल परत खाली गेलेलं दिसलं, म्हणून त्यानं थोडं घातलं. तो आईला सांगायला घरात गेला. मी आपली सवयीनं काडी बघितली. मला खुणेपेक्षा किंचित कमी वाटलं. उद्याची फेरी महत्त्वाची, कमी नको पडायला, म्हणून मीही वाईच ओतलं. भावजय शेणाची पाटी घेऊन आली, माझ्या हातातला डबा बघितला आणि म्हणाली, "वन्सं, मी मगाशीच घातलंय की." मी म्हटलं, असू दे.

असू दे. असं म्हटलं मी.

आबा हात पुसत आले. भावानं चावी फिरवली. इंजिन लागलं, आवाज छान होता. आम्ही चौघंही वाकून झाकणाकडे बघत होतो. कोरडं होतं. आबांच्या तोंडावर हसू येऊ बघत होतं, तेवढ्यात मागून निळ्या धुराचा लोट आला. दुपारपेक्षा जास्त. हवेच्या डब्याच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या डब्याच्या, खालच्या नळीतून तेल ठिबकायला लागलं, मग तिथून ओघळून झाकणावर आलं आणि झाकणाखालून परत धार लागली.

भावानं इंजिन बंद केलं. बाहेर पाऊस चालूच होता. म्हशी विकल्यापासून गोठ्यात एक गाय तेवढी उरली होती, ती शांतपणे रवंथ करत होती. मला तिचाही राग आला.

आबा पोत्यावर बसले. एकदम खाली बसले, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टाकले. "कागद न्हाई उरला आता," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

खरं तर तिथं मी गप्प बसायला हवं होतं. मला येत नाही ते. मी म्हटलं, "मी मगाशीच सांगितलं होतं. दिसत न्हाई, हात चालत न्हाईत, पण मीच करणार. आता उद्या आईला काय उडवत नेणार?"

"आक्का," भाऊ म्हणाला, "आता बास."

तो फोन घेऊन दारात उभा राहिला आणि डोलीसाठी माणसं शोधायला लागला. घोडं यायच्या आधी आमच्या वाडीत आजारी माणूस डोलीतूनच खाली जायचं. चार खांदे पुढे, चार खांदे बदलीला. आता खांदे कुठं राहिलेत? एक मुंबईला, एक पुण्याला, एकाचा गुडघा गेलेला, एक सीमेवर. आणि माणसं मिळाली असती तरी डोलीत आडवं निजावं लागतं. आईला आडवं निजवलं की दम कोंडतो. डोलीतनं खाली पोचेपर्यंत काय झालं असतं, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणीच ते बोलत नव्हतं. मला आतून खूप भीती वाटत होती. आबांवर ओरडले ते त्या भीतीनंच.

तेवढ्यात भिंतीचा आधार घेत आईच गोठ्याच्या दारात आली. भावजय तिच्यामागे धावली. आईनं उंबऱ्यावर टेकून दम घेतला आणि धूर अजून रेंगाळत होता त्याच्याकडे बघितलं.

"न्हाई झालं?"

"न्हाई गं," आबा म्हणाले.

"त्येल किती घातलंय?"

"काडीवर बघून घातलंय."

"कुनी?"

"मी," आबा म्हणाले.

"मी बी वाईच घातलं," भाऊ फोन खाली घेत म्हणाला.

भावजय पुटपुटली, "मी बी."

राहिले मी. मी आईकडे बघितलं आणि मान डोलावली.

आई हसली. सुजलेल्या चेहऱ्यावर ते हसू विचित्र दिसत होतं, आणि मध्येच दम लागल्यानं अर्ध्यावर तुटलं. "मग त्येचं माझ्यागत झालंय," ती म्हणाली. "सकाळी ह्यांनी मला ताक दिलं. ह्यानं शहाळं फोडून दिलं, कुनाला सांगू नगं म्हनला. हिनं अर्धा कप चहा जादा दिला. काल तू पानी दिलंस. परत्येकाला वाटतं, आपलंच तेवढं. मी सुजून बसले. ते बिचारं थुकून टाकतंय."

शहाळं! सिस्टरांनी शहाळं तर अजिबात नको म्हणून बजावलं होतं. मी भावाकडे रागानं बघणार होते, पण कुठल्या तोंडानं बघू?

"आत्ती, तुमी न्हाई तरी म्हनायचं," भावजय रडवेल्या आवाजात म्हणाली.

"कुनाला न्हाई म्हनू गं?" आई म्हणाली.

आबा मात्र मानायला तयार नव्हते. "जास्त झालं असतं तर काडीवर दिसलं असतं. काडी काय खोटं बोलती व्हय?" त्यांनी उठून काडी काढली, पुसली, घातली, परत काढली आणि उजेडात धरली. तेल खुणेच्या जेमतेम वर होतं. "हे बघ. जास्त कुठं हाय?"

काडीच्या टोकावरून एक थेंब जमिनीवर पडला, मग दुसरा. इंजिनाखाली सांडलेलं तेल आधीच होतं. आबा काडी हातात धरून त्या तेलाकडे बघत राहिले. तेल जागेवर थांबत नव्हतं. हळूहळू, सावकाश, मागच्या भिंतीतल्या मोरीकडे निघालं होतं.

आबांनी काडी खाली घेतली.

"उतार," ते म्हणाले.

गोठ्याची जमीन मागच्या बाजूला उतरती असते. जनावरांचं मूत साचू नये, मोरीतून बाहेर वाहून जावं म्हणून. आमच्या गोठ्याची जमीन आबांनीच, सुट्टीवर आले असताना, स्वतः थापीनं केली होती, आणि आईनं सारा जन्म ती झाडली होती. उतार इतका थोडा की उभ्या माणसाला कळत नाही. यंदाच्या पावसाळ्यात घोड्याची छपरी गळायला लागली म्हणून ते अर्ध्या रिकाम्या झालेल्या गोठ्यात आणलं होतं. तोंड दाराकडे, पाठ मोरीकडे. काडी इंजिनाच्या पुढच्या, म्हणजे चढाच्या अंगाला. तेल मागच्या अंगाला सरकायचं आणि काडी कोरडी दिसायची. काडी कोरडी दिसली की आम्ही घालायचो. जास्त झालेलं तेल इंजिन हवेच्या डब्यात ढकलून द्यायचं आणि तिथून ते झाकणावर ओघळायचं. ते बघून आम्हाला वाटायचं गळतंय, म्हणून आणखी घालायचो.

आबा घोड्याला हात लावून म्हणाले, "ढकला. चालू करायचं न्हाई."

कुठं न्यायचं हे विचारावं लागलं नाही. आमच्या दारापुढे शहाबादी फरशी आहे. ती इतकी सपाट झालीय की धुतली की पाणी तुंबून राहतं, आणि आई वर्षानुवर्षं त्यावरून आबांना बोलत आलीय. गोठ्याला उतार केलात, दाराला विसरलात, म्हणून. आम्ही चौघांनी घोडं चिखलातून ढकलत फरशीवर आणलं. आबांनी ते जरा थांबू दिलं. मग काडी काढली.

खुणेच्या कितीतरी वर, जवळजवळ अर्धी काडी तेलानं माखलेली होती.

"आयला," भाऊ म्हणाला, आणि आईसमोर म्हटलं म्हणून जीभ चावली.

आबांनी खालचा बोल्ट ढिला करून तेल थोडं थोडं सोडायला सुरुवात केली. दर खेपेला काडी बघायचे आणि आता ती प्रत्येकाला दाखवायचे. मलाही दाखवली, चष्म्यातून माझ्याकडे बघत. ते काय म्हणत होते ते मला कळत होतं, म्हणून मी खाली बघितलं. निघालेल्या तेलानं तांब्या भरला आणि वर वाटीभर उरलं. हवेच्या डब्यातला स्पंज तेलानं गच्च भिजला होता. मी तो पेट्रोलमध्ये धुतला आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून पिळत बसले, परत धुतला, परत पिळला. अंधार पडत आला तेव्हा आबांनी इंजिनाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवला आणि म्हणाले, "आता कुणी हात लावायचा न्हाई. मी बी न्हाई."

त्या रात्री नीट झोप कुणाला लागली नसेल. भिंतीपलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता आणि तो ऐकू येतोय एवढ्यावरच समाधान होतं. उजाडताना मी बाहेर आले तर आबा आधीच फरशीवर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी पुठ्ठा ओढून काढला, दोन्ही बाजूंनी बघितला, वास घेतला आणि माझ्याकडे दिला. त्यांना खात्री वाटत नव्हती. माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना.

"कोरडा हाय, आबा," मी म्हणाले.

"नीट बघ."

"कोरडा हाय."

आईला खुर्चीत बसवून पट्टा बांधला. तिचे ओठ निळसर दिसत होते. भाऊ चालवायला बसला. आबा आणि मी चालत, एक डावीकडे, एक उजवीकडे. इंजिन लागलं आणि मागून परत निळा धूर आला.

"मागचं जळतंय," आबा म्हणाले. "नळीत राहिलेलं. चल. थांबू नको."

भावजय दारात देव्हाऱ्याकडे तोंड करून उभी होती. आम्ही उतरायला लागलो. चिखलात घोडं आडवं सरकायचं तेव्हा मी खुर्चीचा दांडा धरायची, जणू मीच ते थांबवणार होते. माझी नजर एकदा झाकणावर, एकदा आईच्या छातीवर. पहिल्या वळणापर्यंत धूर होता. दुसऱ्या वळणावर कमी झाला. पवनचक्क्या धुक्यात दिसत नव्हत्या, फक्त पात्यांचा घूं घूं आवाज यायचा. ओढ्याच्या मध्यावर घोडं अडखळलं. पाणी टायरच्या अर्ध्यावर चढलं आणि इंजिनाचा आवाज खाली गेला. भावानं मागे वळून बघितलं.

"म्होरं बघ!" आबा ओरडले. मला वाटतं फौजेत ते असेच ओरडत असतील.

घोड्यानं एक हिसका दिला आणि ते दगडावर चढलं. पलीकडे डांबरावर भाड्याची जीप उभी होती. आबांनी आधी आईचा पट्टा सोडला आणि मग खाली वाकून झाकणावरून बोट फिरवलं. बोट मला दाखवलं. नुसतं पाणी होतं. आबांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेऊन मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. कालचं बोलणं मला परत घ्यायचं होतं.

मलकापूरला सिस्टरांनी आईला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून आम्हा सगळ्यांवर डोळे वटारले. "पाणी कोण देतं हिला?"

दर वेळी या प्रश्नावर आई म्हणायची, कुणी नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "सगळीच देत्यात, बाई. आन मी सगळ्यांचं घेते." मग खाटेवर टेकून बसली आणि हात पुढे केला.

मशीन चालू झालं. दुपारपर्यंत तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरत गेली, आणि तिचे डोळे परत मोठे दिसायला लागले. मी काचेतून बघत होते. आबा बाकड्यावर बसल्या बसल्या झोपून गेले होते. काळ्या नखांचे हात पोटावर ठेवून.

परत येताना उन्हं होती. ओढ्यापाशी जीप थांबली. घोडं सकाळी सोडलं तिथंच, डांबराच्या सपाट तुकड्यावर उभं होतं. आबांनी काडी काढली, पुसली, घातली, परत काढली आणि आईच्या नाकासमोर धरली. "बघ. खुणेवर."

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. पण बघितलं तिनं.

डायलिसिसनंतर तिला फार तहान लागते. ओठांना भेगा पडल्या होत्या. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती आणि तिची नजर पिशवीवर होती. मी ओढ्याकडे बघायला लागले. भाऊ उगीच टायर दाबून बघू लागला. इतके दिवस चोरून देणारी आम्ही माणसं, आता एकमेकांसमोर कुणाचा हात पुढे होईना.

आबांनी माझ्या पिशवीतून बाटली काढली. बाटलीचं टोपण उघडलं आणि टोपणात पाणी ओतलं. एक थेंबही सांडू दिला नाही. टोपण आईसमोर धरून ते आम्हा दोघांना मोठ्यांदा म्हणाले, "हे एक टोपण. मी दिलं. सगळ्यांनी बघितलं न्हवं?"

"व्हय," भाऊ म्हणाला.

"बघितलं, आबा," मी म्हणाले.

आईनं ते पाणी बराच वेळ तोंडात धरून ठेवलं. मग गिळलं, आणि रिकामं टोपण आबांच्या तळहातावर ठेवलं.